गृहपाठ की मनेपाठ?

मराठीत ज्याला आपण 'गृहपाठ' म्हणतो, त्याचे शब्दशः कन्नड रूप 'मनेपाठ' असे होईल. 'मने' म्हणजे घर. पण गंमत अशी की कन्नड बोलणाऱ्याच्या तोंडी 'मनेपाठ' म्हणजे गृहपाठ नव्हे. मनेपाठ म्हणजे शिकवणी, ट्यूशन. गृहपाठाला तो 'मनेगेलस' म्हणतो, आणि केर काढणे, भांडी घासणे यालाही त्याच्याकडे हाच शब्द आहे. माझ्या घरी या दोन्ही भाषा चालतात, त्यामुळे ही गंमत लहानपणापासून परिचयाची. महाविद्यालयात आल्यावर मात्र ती नुसती शब्दांची गंमत राहिली नाही. वाणिज्य शाखेच्या गणितात जेव्हा कॅल्क्युलस सुरू होते, तेव्हा आमचा गृहपाठ नावाने गृहपाठ राहतो आणि प्रत्यक्षात मनेपाठ होतो. ज्याला शिकवणी परवडते तो तो सोडवतो. ज्याला परवडत नाही तो उतरवतो. उरतो तो निव्वळ घरकामासारखा, कसाबसा उरकण्याचा.

हा प्रश्न लहान आहे, त्यावर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण पहिल्याच वर्षी 'गणित आपले काम नव्हे' असे एकदा मनाने घेतले, की पुढे अर्थशास्त्राचा उच्च अभ्यास, संख्याशास्त्र, विमागणित ही सारी दारे विद्यार्थी स्वतःच्या हाताने लावून घेतो. पेडणे-डिचोलीकडच्या किती मुलामुलींनी ती अशी लावून घेतली, याची नोंद कुठल्याही वार्षिक अहवालात येत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आजची रीत पाहू. प्रकरण संपते. स्वाध्यायातील वीस उदाहरणे दिली जातात. आठवड्याने वही जमा करायची, तीवर सही होते, आणि अंतर्गत मूल्यमापनात, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत आयएसएमध्ये, तिचा कुठेतरी हिशेब लागतो. या आठवड्यात प्रत्यक्ष घडते काय? पहिले सहा दिवस काहीच घडत नाही. सातव्या दिवशी सकाळी एक वही कदंबच्या बसमध्ये चढते आणि कॉलेजच्या थांब्यापर्यंत तिच्या दहा प्रती होतात. कँटीनमध्ये वीस. मूळ वहीत उणे चिन्ह चुकून अधिक झाले असेल, तर ती चूकही इमाने इतबारे साऱ्या वर्गात पोचते. आता तर वहीचीही गरज उरलेली नाही. फोनने उदाहरणाचे छायाचित्र घ्यावे, आणि पायऱ्यांसकट उत्तर हजर!

यात विद्यार्थ्यांचाच दोष आहे काय? प्राध्यापकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. वर्गात सत्तर विद्यार्थी असतील, तर प्रत्येकी वीस उदाहरणे म्हणजे चौदाशे उदाहरणे. एकाला एकच मिनिट दिले तरी तेवीस तासांहून अधिक वेळ लागणार, आणि तोही एका वर्गाच्या एका प्रकरणासाठी! हे कोणाही माणसाला शक्य नाही. म्हणून तपासणीच्या जागी सही येते. विद्यार्थ्याला ठाऊक असते की कोणी वाचणार नाही, प्राध्यापकांना ठाऊक असते की कोणी सोडवलेले नाही, आणि दोघेही एकमेकांचा मान राखून हा व्यवहार पार पाडतात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, अशातली ही गत आहे.

विद्यार्थी आळशी झाले आहेत, फोनने त्यांना बिघडवले, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण उतरवणारा विद्यार्थी कोण आहे, हेही पाहावे. १९६३ साली भाऊसाहेब बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. ते स्वतः पेडण्याचे. त्यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा पोचल्या आणि ज्या घरांत अक्षर शिरले नव्हते, त्या घरांतली मुले पाटी घेऊन बसली. आम्ही त्याच परंपरेतले. पाढे आम्ही मराठीत पाठ केले. आजही दुकानात पैसे मोजताना मन मराठीतच मोजते. पुढे पाचवीपासून बहुतेकांची शाळा इंग्रजी होते, पण मनातला हिशेब काही त्या दिवशी भाषा बदलत नाही. त्यातच अनेकांनी बारावीला गणित घेतलेले नसते. अशा विद्यार्थ्यासमोर अचानक 'लिमिट', 'डेरिव्हेटिव्ह', 'मार्जिनल कॉस्ट' असे शब्द येऊन उभे राहतात. घरी विचारावे तर कोणाला? आईवडिलांपैकी कोणी कॅल्क्युलस शिकलेले असण्याची शक्यता फार थोडी.

शिवाय संध्याकाळ मोकळी कोणाची आहे? २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीतल्या ट्रकवाल्यांच्या, गॅरेजवाल्यांच्या, खानावळीवाल्यांच्या घरांत काय झाले, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. २०१८ साली त्या पुन्हा थांबल्या, २०२४ पासून काही प्रमाणात सुरू झाल्या. पण दरम्यान कितीतरी घरांत मुलांनी हाताला काम शोधले. पेडण्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाला आणि मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर हॉटेले आहेतच. कॉलेज सुटल्यावर तिकडे कामाला जाणारे विद्यार्थी माझ्या ओळखीचे आहेत. रात्री उशिरा परतणाऱ्याने एकट्याने वीस उदाहरणे सोडवावीत, आणि दुसऱ्या उदाहरणाला अडल्यावर कोणाला न विचारता पुढे जावे, ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे? तो उतरवतो ते बहुधा हौसेने नव्हे. त्याला अडल्याजागी हात देणारे कोणी नसते, आणि सही तर हवी असते.

या 'एकट्याने' शब्दापाशीच खरे दुखणे आहे असे मला वाटते. आणि हे केवळ माझे मत नाही. अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० च्या दशकात युरी ट्राइसमन यांनी याच प्रश्नाचा शोध घेतला. तिथे कॅल्क्युलसच्या पहिल्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत, तर चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे जात. प्राध्यापकांना कारण विचारले तर त्यांनी ठरावीक उत्तरे दिली: त्यांना जिद्द नाही, पाया कच्चा आहे, घरची परिस्थिती बेताची आहे, घरून उत्तेजन नाही. (ही उत्तरे आपल्या ओळखीची वाटतात ना?) ट्राइसमन यांनी दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी घेतले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्याबरोबर राहून पाहिले. तेव्हा ही सारी कारणे लटकी पडली.

कृष्णवर्णीय विद्यार्थी सांगितल्याप्रमाणे आठवड्याला आठ तास गृहपाठ करीत होते. पण जवळजवळ सारे एकटे. अडले की आपल्यातच काही उणे आहे असे धरून चालत. चिनी वंशाचे विद्यार्थी सुमारे चौदा तास देत. त्यांतले बरेचसे तास तेही एकटेच बसत. पण नंतर एकत्र जमून उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत, जुन्या परीक्षांतली उदाहरणे एकमेकांना घालत. एखादे उदाहरण कोणालाच सुटले नाही, तर ते उदाहरणच अवघड आहे एवढे त्यांना कळे आणि मनाला लागत नसे. अभ्यासाला त्यांनी चारचौघांचे काम केले होते.

यावर ट्राइसमन यांनी जो उपाय केला तो लक्षात घेण्याजोगा आहे. मागे पडणाऱ्यांसाठी सोप्या उदाहरणांचा 'कच्च्यांचा वर्ग' त्यांनी काढला नाही. उलट, अधिक कठीण उदाहरणे निवडली, विद्यार्थ्यांना लहान लहान गटांत बसवले आणि बोलत बोलत सोडवायला लावले. त्या कार्यशाळांतले विद्यार्थी परीक्षेत स्पष्टपणे वर आले. या साऱ्याचा वृत्तान्त त्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केला. बर्कले कुठे आणि डिचोली कुठे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण अडलेल्या माणसाची एकटेपणाची भावना तिकडे एक आणि इकडे दुसरी असत नाही.

आता भाषेचा मुद्दा. गटात बसलेले विद्यार्थी बोलणार कोणत्या भाषेत? माझे म्हणणे असे की ज्या भाषेत मनातला हिशेब चालतो त्या भाषेत: मराठीत, कोंकणीत, कन्नडात. यात इंग्रजीचा दुस्वास नाही. उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची आहे आणि ती तशीच लिहावी. पण कल्पना आधी मनात उतरली पाहिजे. एक उदाहरण देतो. इंग्रजीत 'लिमिट' आणि 'मार्जिनल' हे शब्द एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. मराठीत लिमिट म्हणजे 'सीमा' आणि मार्जिनल म्हणजे 'सीमांत'. कन्नड अर्थशास्त्रातही 'सीमांत' हाच शब्द चालतो. सीमांत खर्च म्हणजे काठावरच्या, शेवटच्या नगाचा खर्च. तो नग लहान लहान करीत सीमेपर्यंत नेला की डेरिव्हेटिव्ह हाती येते. गणिताच्या तासाला शिकलेली सीमा आणि अर्थशास्त्राच्या तासाला शिकलेला सीमांत खर्च हे एकाच घरचे आहेत, हे आपल्या भाषा आपल्याला फुकट सांगतात. ते ऐकायला वर्गात जागा मात्र हवी.

गणित आणि आपली माती यांचे वैर आहे असेही नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. ज्याच्या दरबाराशी कन्नडातला 'कविराजमार्ग' जोडलेला आहे, तोच हा अमोघवर्ष. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' रचला आणि त्यात ग्रहाच्या 'तात्कालिक गती'चा, म्हणजे त्या क्षणीच्या गतीचा विचार केला. कॅल्क्युलसच्या उंबरठ्यावरचाच हा विचार. त्यांच्या 'लीलावती'तली उदाहरणे पाहा: त्यांत भुंगे आहेत, कमळे आहेत, मोर आणि साप आहेत, आणि प्रश्न कुणाला तरी उद्देशून, बोलल्यासारखा विचारलेला आहे. आमच्या गोव्यातच जन्मलेले दामोदर कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते, हेही आपण विसरू नये. भास्कराचार्यांना भोवतालच्या जगातून उदाहरण सुचले, तर आपल्याला का सुचू नये?

सुचते, हे दाखवण्यासाठी एक उदाहरण इथे मांडतो. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, दुकान मात्र कोणीही पाहिलेले असेल. पेडण्याच्या रस्त्याकडेला एक काजूगराचे दुकान आहे. एक पाकीट दुकानदाराला तीनशे रुपयांना पडते. चारशे रुपये भाव ठेवला तर दिवसाला साठ पाकिटे खपतात. दर दहा रुपये भाववाढीमागे तीन पाकिटे कमी खपतात. तर त्याने भाव किती ठेवावा?

एकटा विद्यार्थी इथे सूत्र शोधू लागेल. चौघे बसले तर आधी वाद होईल. भाव वाढवला तर गिऱ्हाईक तुटणार, मग नफा वाढेल कसा, असे एक म्हणेल. दुसरा म्हणेल, दर पाकिटामागे सुटतात किती ते बघ. तिसरा कन्नड बोलणारा असेल तर 'हेच्चु' आणि 'कडिमे', म्हणजे जास्त आणि कमी, अशी दोन रकान्यांची यादी करील. दहा-दहा रुपयांच्या 'क्ष' वाढी केल्या, तर दर पाकिटाचा नफा शंभर अधिक दहा क्ष, आणि खप साठ उणे तीन क्ष. दोहोंचा गुणाकार केला की एकूण नफा सहा हजार अधिक तीनशे क्ष उणे तीस क्ष-वर्ग असा येतो. त्याचे डेरिव्हेटिव्ह तीनशे उणे साठ क्ष. ते शून्य केले की क्ष पाच येतो, म्हणजे भाव साडेचारशे, खप पंचेचाळीस आणि नफा सहा हजार सातशे पन्नास. आता चौथ्याने शंका काढावी: चारच वाढी केल्या तर? सहा हजार सातशे वीस. सहा केल्या तर? पुन्हा सहा हजार सातशे वीस. पाचच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे उतार! शापोऱ्याच्या काठी राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. भरतीचे पाणी वर चढत चढत टोकाला पोचले की क्षणभर ना चढते ना उतरते, आणि मग ओहोटी लागते. डेरिव्हेटिव्ह शून्य होते म्हणजे नेमके हेच होते. 'घात पुढे आणा, घातातून एक वजा करा' हा मंत्र वीस वेळा घोकून जे कळत नाही, ते या एका उदाहरणावरच्या अर्ध्या तासाच्या भांडणातून कळते.

तेव्हा नुसती तक्रार करून न थांबता काही सूचना प्राध्यापकवर्गापुढे नम्रपणे ठेवतो.

पहिली सूचना अशी की वीसऐवजी पाच उदाहरणे द्यावीत. त्यांतली दोन सूत्राच्या सरावाची, दोन भोवतालच्या व्यवहारातली आणि एक मागच्या प्रकरणातले असावे. मिसळ करण्याला आधार आहे. डग रोहरर आणि केली टेलर या अमेरिकेतील अभ्यासकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मिश्र उदाहरणांचा सराव करणारे विद्यार्थी सरावाच्या वेळी मागे होते, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत तेच पुढे गेले. एकाच साच्याची वीस उदाहरणे सोडवताना कोणते सूत्र लावायचे हा प्रश्नच पडत नाही, आणि परीक्षेत तर नेमका तोच पडतो.

दुसरी सूचना, आठवड्यातला एक तास या गृहपाठासाठी वेळापत्रकातच ठेवावा. विद्यार्थ्याने उदाहरणे आधी एकट्याने हाताळून यावीत, सुटली नाहीत तरी कुठे अडले ते लिहून आणावे, आणि त्या तासाला चौघाचौघांनी बसून ती तडीस न्यावीत. संध्याकाळी ग्रंथालयात थांबा असे सांगणे सोपे आहे. पण बस गेली की पेडण्याचा विद्यार्थी थांबणार कुठे? कामाला जाणारा तर मुळीच थांबू शकत नाही.

तिसरी सूचना तपासणीची. चौघांमागे एकच वही घ्यावी. सत्तर विद्यार्थ्यांच्या अठरा वह्या होतील. प्रत्येकी पाच म्हणजे नव्वद उदाहरणे, आणि एकाला दोन मिनिटे दिली तरी तीन तासांत काम आटोपते. तेवीस तासांचे अशक्य काम तीन तासांच्या शक्य कामावर आले, तर सहीच्या जागी शेरा येईल. वहीत 'इथे चिन्ह का बदलले?' एवढे चार शब्द लाल शाईने लिहिलेले आले, तरी विद्यार्थ्याला ते महिनाभर पुरतात.

यावर आक्षेप येणार हे मी धरून चालतो. पहिला आक्षेप हा की गटात एक राबेल आणि तिघे उतरवतील. आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय चिठ्ठीचा. गटातल्या कोणाही एकाच्या नावाची चिठ्ठी काढावी आणि त्याने फळ्यापाशी येऊन, वही खाली ठेवून, एक उदाहरण समजावून सांगावे. गुण साऱ्या गटाला. मग हुशार विद्यार्थीच बाकीच्यांच्या मागे लागेल, 'तुला कळले की नाही ते आधी सांग.' शिवाय दुसऱ्याला समजावून सांगताना आपले आपल्यालाच अधिक समजते, हा अनुभव कोणाला नाही?

दुसरा आक्षेप फोनचा. फोन काढून घेणे हा उपाय टिकणारा नाही. फोन उत्तर देतो, पण फळ्यापाशी उभा राहत नाही. चिठ्ठी निघणार हे ठाऊक असलेला विद्यार्थी फोनवरचे उत्तर घेऊनही 'हे असे का आले?' असे विचारू लागेल. तेवढे झाले तरी फोन शत्रूचा मित्र झाला म्हणायचा.

तिसरा आक्षेप आमच्याच बांधवांचा: कॉमर्सवाल्यांना हे कॅल्क्युलस हवेच कशाला? जो किती माल काढावा, काय भाव ठेवावा, कुठे थांबावे हे ठरवणार आहे, त्याला 'आणखी एक नग काढला तर काय होईल' हा प्रश्न चुकत नाही. तो प्रश्न विचारण्याची शिस्त म्हणजे कॅल्क्युलस. आपल्या तालुक्यांत उद्या उद्योग येतील, पर्यटन वाढेल, खाणींचे काय ते ठरेल. त्या वेळी हिशेब मांडणारे बाहेरून येणार आणि आपण फक्त सही करणार, असे व्हायचे नसेल, तर सही करून घेण्याची सवय प्रथम वर्षातच मोडली पाहिजे.

शेवटी विद्यार्थी मित्रांना एक सांगणे. प्राध्यापक हे सारे मान्य करतील तेव्हा करतील. तोवर आपले हात कोणी बांधलेले नाहीत. मधल्या सुट्टीत चौघे मिळून एक उदाहरण घ्या. मराठीत भांडा, कोंकणीत भांडा, कन्नडात भांडा, आणि मग उत्तर इंग्रजीत नीट लिहा. ज्याला शिकवणी परवडते त्यानेही या. तिथे शिकलेले तुम्हाला खरोखर कळले की नाही, हे इथे चौघांना सांगताना कळेल. पाठ घरी होवो, बसमध्ये होवो की कँटीनच्या बाकावर होवो. तो आपला आपण केलेला असला म्हणजे झाले.

— तृतीय वर्ष, वाणिज्य